देवमनच्या पायाचं तीर्थ

१९६४-६५ च्या सुमाराला मूर्तिजापूर स्टेशनावर यवतमाळच्या छोट्या गाडीची वाट बघणाऱ्यांना एक माणूस हमखास दिसायचा. उंच, रुंद खांद्यांचा, अंगात धुवट पांढरा सदरा, दोन्ही काखेत कुबड्या. डावा पाय घोट्यापाशी संपलेला आणि उजवा असा आत वळलेला, की टाच एकीकडे आणि बोटं भलतीकडे. सदऱ्यावर लढाईची दोन पदकं लावल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे. त्यामुळे बघणारा सहज विचारायचा, लढाईत गेला वाटतं पाय? हा प्रश्न त्याला फार आवडायचा. कुबड्या भिंतीला टेकवून तो ऐसपैस बसायचा आणि म्हणायचा, "लढाईत नाई गेला, बाप्पा. जर्मनाले दोन वर्सांत जे जमलं नाई, ते माह्या गावानं अर्ध्या घंट्यात केलं."

हा देवमन. गाव सावळखेडी, मूर्तिजापूरपासून बैलगाडीने दोन तासांवर. त्याची गोष्ट सांगायची तर आधी तिथल्या पाण्याची सांगावी लागते, कारण सगळं रामायण पाण्यावरून झालं.

हा सगळा भाग खारपाणपट्ट्याचा. जमीन काळी, कापूस झकास, पण खाली खणलं की पाणी लागतं ते खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. सावळखेडीत तीन विहिरी अशाच खाऱ्या. चौथी मात्र नाल्याच्या वळणावरची, दगडी बांधणीची, चार पुरुष खोल आणि गोड्या पाण्याची. देव जाणे तिथेच गोडा झरा कसा आला. ती विहीर पाटलाच्या बापजाद्यांनी बांधली होती आणि सगळा कुणब्यांचा गाव तिच्यावर पाणी भरायचा. महारवाड्याने मात्र नाल्याच्या पलीकडच्या झिऱ्याचं खारं पाणी प्यायचं. जन्मलेल्या पोराच्या तोंडात पहिला थेंब खारा आणि मरणाऱ्याच्या तोंडात शेवटचा थेंबही खारा.

आता यातली मेख ऐका. दर पाच-सात वर्षांनी उन्हाळ्यात गोड्या विहिरीत गाळ साचायचा, झरा बुजायचा. तो काढायला खाली कोण उतरणार? महार. तळाचा गाळ असा घट्ट बसलेला असतो, की फावडं चालत नाही. आठ-दहा जणांनी गुडघाभर चिखलात उभं राहून तो पायांनी तुडवायचा, सैल करायचा, मग टोपल्या भरून दोराने वर पाठवायच्या. झरा फुटला की महारांनी वर यायचं. मग विहिरीत गोमूत्र ओतायचं, पहिल्या शंभर घागरी उपसून फेकायच्या, भटजीने नारळ फोडायचा आणि नव्या पाण्याचं तीर्थ गावाने ओंजळीत घ्यायचं. गाळ तुडवणाऱ्यांनी तेव्हा नाल्यापलीकडे उभं राहून बघायचं.

देवमनचा बाप डोमाजी. त्याने एका उन्हाळ्यात तळाशी असताना, झरा फुटल्यावर, ओला हात नुसता चाटला. वर बसलेल्या राखणदाराने ते पाहिलं. डोमाजी वर आला तेव्हा चौघांनी त्याला खाली पाडलं, तोंड उघडलं आणि त्याच विहिरीतला गाळ मुठीमुठीने आत कोंबला. तो गुदमरायला लागला तरी थांबले नाहीत. एकाने टाच मारून गाळ आत बसवला, त्यात डोमाजीचे पुढचे चार दात गेले. डोमाजी जगला, पण पुढे आयुष्यभर पाण्याचा पेला हातात घेतला की आधी इकडेतिकडे बघायचा.

असल्या गावात कोण राहील? १९४१ साली देवमन कामठीला जाऊन फौजेत भरती झाला. शिकलेला नव्हता, पण जनावरांना त्याचा हात मानवायचा, म्हणून खेचरांच्या कंपनीत गेला. आधी मिसर, मग त्रेचाळीसच्या पावसाळ्याअखेर जहाजाने इटली. खेचरांच्या पाठीवर दारूगोळा आणि भाकऱ्यांचे डबे लादून पुढच्या मोर्च्यावर पोचवायचे आणि येताना त्याच खेचरांवर मेलेली माणसं आडवी टाकून आणायची, हे काम. रस्त्यात तोफा पडायच्या. एकदा त्याच्या पुढच्या खेचराचं डोकं गेलं आणि धड चार पावलं चालून मग बसलं. हे तो सांगायचा तेव्हा ऐकणारा हसू की घाबरू अशा पेचात पडायचा.

तो मुलूख अब्रुत्सोचा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला बर्फ पांघरलेला डोंगर. डोंगराचं नाव मायेला. तिथले लोकही त्याला आईच मानत, हे देवमनला नंतर कळलं. त्याला नावातच माय ऐकू आली होती. खालच्या टेकड्यांवर चिकणमाती होती, पाऊस पडला की बुटाला अशी धरायची की पाय उचलेना. पहिल्याच दिवशी त्याने ती चिमटीत मळून पाहिली आणि त्याला एकदम घरची आठवण येऊन रडू आलं. वऱ्हाडातली ओली काळी जमीन अशीच पाय धरते.

सांग्रो नदीच्या अलीकडे एका टेकाडावर दोनातो नावाच्या म्हाताऱ्याचं घर होतं, त्याच्या गोठ्यात यांची खेचरं बांधलेली. म्हाताऱ्याचे दोन्ही मुलगे जर्मनांनी खंदक खणायला धरून नेले होते. बैलही नेले होते. मागे राहिले तो, त्याची बायको असुंता, आणि उतारावरची द्राक्षं. दिवाळी होऊन गेली तरी ती वेलीवरच होती. छोटे, काळे, जाड सालीचे दाणे. दोनातो अर्धं खुणांनी आणि अर्धं शिव्यांनी सांगायचा: दिवसा समुद्राकडून ऊन-वारा येतो, त्याने गोडी धरते. रात्री मायेलावरून गारठा उतरतो, त्याने साल जाड होते आणि रंग काळा होतो. हाच वेल डोंगरापलीकडे लावा, पाणचट दारू निघेल. दारूचं नाव मोंतेपुल्चानो. देवमनच्या तोंडात ते कधी बसलं नाही, तो मोतीफुलचंद म्हणायचा, आणि पुढे स्टेशनावर ऐकणाऱ्यांना वाटायचं की हा अकोल्याच्या कुठल्या जिनिंगवाल्याची गोष्ट सांगतो आहे.

द्राक्षं तोडायला खेचरवाले लागले. पण रस काढायचा तो दगडी हौदात उतरून, पायांनी तुडवून. पायच हवेत, कारण जात्याने किंवा लाकडाने बी फुटतं आणि दारू कडू होते. दोनातोने देवमनकडे बोट दाखवलं. हा सगळ्यांत उंच आणि वजनदार.

देवमन घाबरला. गाळ तुडवणाऱ्या घराण्यातला तो, तुडवण्याचं त्याला काय कौतुक? पण हे लोक पिणार होते. त्याने मोडक्यातोडक्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला, की माझे पाय चालणार नाहीत, मी त्यांतला आहे. दोनातोला कळेना. त्याला वाटलं पायाला जखम असेल. म्हाताऱ्याने वाकून त्याचे दोन्ही बूट ओढून काढले, पाय मांडीवर घेतले, नखं तपासली, बोटांच्या फटी उघडून पाहिल्या, आणि बादलीत गरम पाणी आणून ते पाय स्वतःच्या हाताने चोळून धुतले. आपल्याकडे एवढे पाय धुतले जातात ते फक्त लग्नातल्या नवरदेवाचे, नाहीतर एखाद्या बुवाचे. म्हातारा धुऊन झाल्यावर म्हणाला, स्वच्छ आहेत, उतर.

दुपारपर्यंत देवमन मांड्यांपर्यंत काळाजांभळा झाला. असुंता टोपल्या आणून हौदात रिकाम्या करत होती आणि त्याच्या पायांकडे बघून हसत होती. तेवढ्यात नदीपलीकडून जर्मनांनी तोफ डागली. पहिला गोळा गोठ्यावर पडला. दुसरा अंगणात. देवमन हौदात आडवा झाला म्हणून वाचला. उठून बघतो तर असुंता टोपलीसकट हौदाच्या कठड्यावर ओणवी पडलेली आणि मानेतून रक्त धार लागून हौदात पडत होतं. रसाचा आणि रक्ताचा रंग इतका सारखा, की कुठे काय मिसळलं ते दिसत नव्हतं. गोठ्यात अर्धी कापली गेलेली खेचरं किंचाळत होती. सार्जंट एकेकाच्या कपाळात गोळी घालत फिरत होता.

दोनातोने बायकोला उचलून ओसरीवर निजवलं, तिच्यावर गोणपाट टाकलं आणि तो परत हौदापाशी येऊन बघत उभा राहिला. देवमनला वाटलं, आता हा सगळं फेकून देणार. म्हातारा म्हणाला, "द्राक्षं थांबत नाहीत." आणि परत बोट दाखवलं. ओसरीवर बाईचं प्रेत, पलीकडे तोफा चालू, आणि देवमन अंधार पडेपर्यंत तुडवत राहिला. थांबला असता तर म्हाताऱ्याचं वर्षाचं पीक गेलं असतं आणि बायकोही फुकट गेली असती.

लढाईचा मोर्चा सगळा हिवाळा तिथेच अडकला. रस फसफसला, निवला, पिंपात गेला. फेब्रुवारीत अर्धं छप्पर उडालेल्या देवळात प्रार्थना झाली, त्यात पाद्र्याने चांदीच्या पेल्यात तीच दारू ओतली. देवाचं रक्त म्हणून ती पितात, आणि सगळ्यांच्या वतीने एकटा पाद्री पितो. दारात उभा राहून देवमनने ते बघितलं. पाद्र्याने पेला रिकामा केला, रुमालाने पुसला. नंतर दोनातोने देवमनलाही घोटभर दिली. जीभ आखडली, कानशिलं तापली. चव त्याला आवडली की नाही ते तो कधी नीट सांगू शकला नाही. पण सावळखेडीच्या महाराचे पाय देवाच्या पेल्यात गेले आणि आभाळ कोसळलं नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

सेहेचाळीसला तो परत आला. पायात फौजी बूट. पाटलाच्या घरावरून जाताना बूट काढून हातात घ्यावे लागले. त्याने घेतले. दोन पदकांचा माणूस, पण बाप जिवंत होता, बायको मनकर्णा घरात होती, आणि खायचं याच गावात होतं. तो राग त्याने दहा वर्षं गिळला. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, त्या दिवसापासून बूट पुन्हा काढले नाहीत. दीक्षेबरोबर दारूही सुटली, तशी ती फारशी धरलेलीही नव्हती. मनकर्णा चिडवायची, की यांनी दारू सोडली, दारूची गोष्ट काही सोडली नाही.

दीक्षेनंतर वस्तीने गावकीची कामं टाकली. मेलेली ढोरं ओढणं बंद, सांगावे नेणं बंद. गाव धुमसत होता. अशात अठ्ठावन्नचा उन्हाळा आला. एप्रिलमध्येच गोडी विहीर गाळाने बसली. गावाला खारं पाणी प्यायची पाळी आली आणि पंधरा दिवसांत घरोघरी हगवण लागली. खुशालराव पाटील हा पोक्त आणि धूर्त माणूस. तो स्वतः नाल्यापलीकडे आला आणि देवमनला म्हणाला, गाळ काढून द्या.

देवमनने एकच अट घातली. "उतरतो आमी. पन झरा फुटला का आमच्या बाया याच इहिरीवर पानी भरतीन. पयली घागर माही मनकर्णा भरीन."

अस्पृश्यताबंदीचा कायदा होऊन तीन वर्षं झाली होती, हे खुशालरावालाही माहीत होतं. आणि गावातल्या एकाही कुणब्याला त्या चिखलात उतरायची कला येत नव्हती. त्याने चार माणसांसमोर शब्द दिला. त्याचा पुतण्या चंद्रभान तेव्हा तिथेच उभा होता. तिशीचा, तालमीतला, तापट. तो नुसता थुंकला.

चार दिवस दहा माणसांनी गाळ तुडवला. देवमनने फौजेसारखी शिस्त लावली: कोणी पाण्याला तोंड लावायचं नाही, हातही चाटायचा नाही, आपण चोरून प्यायला नाही आलो. म्हातारा डोमाजी काठावर बसून एकेक टोपली मोजल्यासारखा बघत होता. चौथ्या दिवशी सकाळी झरा असा फुटला की माणसांना पळता भुई थोडी झाली. दुपारपर्यंत दोन पुरुष पाणी चढलं. गोमूत्र, नारळ, मंत्र सगळं यथासांग झालं. गावाने रांगेने ओंजळीत तीर्थ घेतलं. चंद्रभानची आई पार्वताबाई हगवणीने अंथरुणाला खिळली होती, तिच्यासाठी त्याने तांब्याभर नेलं आणि स्वतःच्या हाताने पाजलं. वस्तीचा मान उद्या सकाळी, असं ठरलं.

आता देवमनचं चुकलं कुठे ते सांगतो. संध्याकाळी तो गाळाच्या ढिगावर बसला होता, अंग दुखत होतं पण मन हलकं होतं. भोवती वस्तीतले लोक, चार-दोन कुणबीही. त्यांत जानराव नावाचा शेतकरी, गप्पिष्ट आणि मनाने बरा. त्याने विषय काढला आणि देवमनला मोतीफुलचंदची गोष्ट सांगायचा मोह आवरला नाही. तो असुंताचं मरण गाळून सांगायचा, नुसती गंमत तेवढी सांगायचा. म्हाताऱ्याने पाय कसे धुतले, मांड्या कशा काळ्या झाल्या, आणि शेवटी, "त्या गोऱ्या पुजाऱ्यानं देवळात उभं राहून माह्या पायाचं तीर्थ घेतलं."

सगळे हसले. जानराव हसता हसता म्हणाला, "मंग दुपारी आमी बी तुह्याच पायाचं तीर्थ घेतलं का रे?"

इथे गप्प बसायचं होतं. पण चाळीस वर्षं गप्प बसलेल्या माणसाला एक दिवस तोंड फुटतं ते नको तिथेच. देवमन म्हणाला, "पाय त् माह्येच व्हते इहिरीत."

पायाचं तीर्थ गाव काही पहिल्यांदा ऐकत नव्हता. बुवा आला की त्याचे पाय धुऊन ते पाणी बायाबापड्या प्यायच्याच. म्हणून तर शब्द वर्मी लागला. दिवेलागणीपर्यंत तो गावभर झाला आणि प्रत्येक ओसरीवर त्याला नवीन शेपूट फुटलं. चंद्रभानकडे पोचला तेव्हा तो असा होता: देवमन म्हणतो, सगळ्या गावाला माझ्या पायाचं तीर्थ पाजलं, चंद्रभानच्या आईलाही पाजलं. आणि चंद्रभानने तर ते खरोखरच आईच्या तोंडात घातलं होतं. गोमूत्राने विहीर शुद्ध होईल, मंत्राने होईल, पण आईच्या पोटात गेलेलं बाहेर कसं काढणार?

सकाळी ऊन वर यायच्या आत मनकर्णा निघाली. पितळी घागर चिंचेने घासून सोन्यासारखी केलेली. मागे वस्तीतल्या अठरा बाया, पुढे देवमन आणि डोमाजी. विहिरीपाशी तीसेक माणसं उभी होती, काठ्या, कुऱ्हाडीचे दांडे आणि दोन पहारी घेऊन. खुशालराव त्यांत नव्हता. देवमन म्हणाला, पाटलाने शब्द दिला आहे, बाजूला व्हा.

पहिली काठी डोमाजीच्या डोक्यात बसली. म्हातारा ओरडलाही नाही, जागच्या जागी खाली बसला आणि त्याचं रक्त डोळ्यांत उतरलं. देवमनने पहिल्या दोघांना लोळवलं; एकाचा जबडा त्याच्या बुक्कीने असा सरकला की पुढे कधी जागेवर आला नाही. मग सहा जण त्याच्या अंगावर पडले. मनकर्णाला दोघांनी केसांना धरून ओढलं. मागच्या बायांवर दगड सुरू झाले, एकीचा कान फाटला, एकीच्या कडेवरच्या पोराला दगड लागला. त्या मागे हटून नाल्याच्या काठाशी थांबल्या, पण पळाल्या नाहीत.

देवमनला त्यांनी विहिरीच्या काठावर आणला आणि पाय दगडी कठड्यावर आडवे धरले. चौघे वर बसले. बूट चंद्रभानने काढले. दोनातोने काढले होते तसेच, ओढून. मग त्याने पहार उचलली आणि डाव्या घोट्यावर घातली. हाड फुटल्याचा आवाज नाल्यापलीकडे ऐकू गेला. दुसरा घाव, तिसरा. मग उजवा पाय. देवमन लढाईतही ओरडला नव्हता, इथे ओरडला. चंद्रभानला घाम फुटला होता, तो प्रत्येक घावाला आईचं नाव घेत होता. पाय म्हणण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्याने पहार टाकली, देवमनला काखेत धरून उचललं आणि म्हणाला, "घे, तुह्या पायाचं तीर्थ तूच घे."

आणि ढकलून दिला.

पाण्याचा आवाज झाला. कोणी कोणाकडे बघेना. तिसांतल्या एकेकाच्या ध्यानात आलं की आपण काय केलं. ज्या विहिरीला याचा हात लागू नये म्हणून आलो, तीत हा अख्खाच पडला, फुटक्या पायांनी, रक्तासकट. एवढ्यात खुशालराव धावत आला, त्याने कठड्यावरचं रक्त पाहिलं, खाली वाकून पाहिलं आणि पुतण्याला नुसतं एवढंच म्हणाला, "इहीर बाटवली रे तुमी." मनकर्णाचे केस धरणारे हातही सैल पडले. आता कशासाठी धरायचे तेच त्यांना कळत नव्हतं.

देवमन आधी तळाला गेला. पाय काम करत नव्हते, हातांनी पाणी मागे लोटत वर आला आणि बांधकामातला एक पुढे आलेला दगड त्याच्या हाती लागला. खोकला, ओकला, पुन्हा नाकातोंडात पाणी गेलं. तोंडात रक्ताची चव होती, आणि तिच्या मागून दुसरी चव आली. त्याने आणखी एक घोट घेतला, या वेळी मुद्दाम. जन्मात पहिल्यांदा.

वर मनकर्णा कठड्यावर ओणवी झाली होती. तिने दोर खाली सोडला आणि रडत ओरडून सांगितलं, की कमरेला बांधून घ्या, आम्ही ओढतो. देवमनने दोराचं टोक हातात धरलं, पण बांधलं नाही. विहिरीतून त्याचा आवाज वर आला तो सगळ्यांना ऐकू गेला.

"पानी गोड हाये, मनकर्णे. घागर सोड."

तिने आधी वर या म्हणून विनवलं. शिव्याही दिल्या. तो म्हणाला, "म्या वर आलो का हे इहीर उपसतीन, अन् मंग पुन्हा तेच. म्या इथं आहो तवर कोनाचं काई चालत नाई. सगळ्याईले बोलाव. भरून घ्या."

मनकर्णाने डोळे पुसले. दोर वर ओढला, घागरीच्या गळ्याला फास घातला आणि सोडली. देवमनने एका हाताने दगड धरून दुसऱ्या हाताने तिचं तोंड पाण्याखाली दाबलं. ती भरून वर आली तेव्हा मनकर्णा सगळ्यांसमोर ओंजळ लावून पोटभर पाणी प्यायली. मग पदर भिजवून तिने सासऱ्याच्या डोळ्यांतलं रक्त पुसलं आणि त्याला पाजलं. डोमाजीने या वेळी इकडेतिकडे पाहिलं नाही. नाल्यावरच्या बाया एकेक करत पुढे आल्या. काठ्या घेतलेली माणसं आपोआप बाजूला सरली, अंगावर त्यांच्या घागरीतला थेंब उडेल म्हणून. एकोणीस घागरी खाली गेल्या आणि एकोणीस वर आल्या. शेवटी शेवटी देवमनचा हात दगडावरून निसटायला लागला, तो दातांनी दोर धरून राहायचा आणि घागर दाबायचा. विसाव्या खेपेला त्याने दोर कमरेला बांधला.

पुढचं थोडक्यात सांगतो. चंद्रभानला तीन वर्षांची सजा झाली. गावाने आठ दिवस बैलगाडीने मूर्तिजापूरहून पाणी आणलं, विहीर उपसायला एकही माणूस मिळाला नाही, आणि नवव्या दिवशी गाव गुपचूप त्याच विहिरीवर आला. वस्तीच्या बाया तोवर रोज भरतच होत्या. पार्वताबाई त्या हगवणीतून बरी झाली आणि पुढे बरीच वर्षं तेच पाणी प्यायली.

त्या दिवशी मात्र देवमनला बैलगाडीत घालून आधी मूर्तिजापूर आणि मग रेल्वेने अकोल्याला न्यावं लागलं. डॉक्टरांनी डावा पाय पाहिला आणि तो कापावा लागेल म्हणून सांगितलं. ते चिडलेच होते. दोन तास आधी आणलं असतं तर पाय वाचवता आला असता, एवढा वेळ तुम्ही लोक करत काय होता, असं त्यांनी मनकर्णाला विचारलं.

मनकर्णा म्हणाली, "पानी भरत व्हतो, साहेब."